आई चढली, आता उतरवायची कशी?

बसथांबे कसे बांधावेत याचे जुने नियम बदलायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी आमच्या खात्याच्या प्रमुख मॅडमना छाती ठोकून सांगितलं, "मॅडम, नुसते कागद काळे करणार नाही. थांबा उभा करून दाखवतो!"

आणि केला की! आमच्या घरासमोरच, रस्त्याच्या कडेला. फळ्यांचा नमुना, पण काय थाट! वर छप्पर, पाठ टेकायला बाकडं, आणि खाली बसच्या दाराला बरोब्बर भिडेल एवढा उंच चौथरा, त्यावर जायला हलकासा उतार. पाय उचलायची भानगडच नाही!

संध्याकाळी मॅडम बघायला येणार होत्या. त्यांनी पसंत केलं तरच नवे नियम लागू होणार! म्हटलं, आधी रंगीत तालीम करू. गुडघ्यांपायी आईने बस कधीच सोडली होती. तिलाच नेऊन बाकड्यावर बसवलं.

"नुसतं बसायचं हं आई. इथे बस थांबत नाही."

तिच्यासाठी पाणी आणायला घरात गेलो, आणि बस थांबली! थांब्यावर म्हातारं माणूस दिसल्यावर चालक बिचारा काय करणार? बाहेर येऊन बघतो तर बाकडं रिकामं आणि आई खिडकीतून मला हात हलवतेय!

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. स्कूटर काढली आणि पुढच्या थांब्यावर बस गाठली.

"आई, चढलीस कशाला?"

"अरे, तो एवढा थांबला. नाही म्हणायचं जिवावर आलं!"

"बरं, आता उतर."

आईने दारातून खाली वाकून पाहिलं. "कशी उतरू? विहिरीत उडी मारू का?"

खरंच की! बाकीचे सगळे थांबे जुने. चौथरा कुठेच नाही! कंडक्टर हसत म्हणाला, "राहू द्या साहेब. येताना आजींना घरासमोरच उतरवतो."

मी घरी आलो तर मॅडम हजर! मी त्यांना सगळं सांगेपर्यंत बस परत आलीसुद्धा. पण येताना ती रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने आली. आणि चौथरा अलीकडे!

शेवटी मीच दारापाशी ओणवा झालो.

"पाय देऊ का रे?"

"दे गं बाई, दे!"

कंडक्टरचा हात धरून आई माझ्या पाठीवरून उतरली. चेहरा असा फुललेला की मला रागावताच येईना. मॅडम म्हणाल्या, "सोय उत्तम आहे. पण तुम्ही एकटे किती थांब्यांना पुरणार?"

नियम मंजूर झाले, चौथरा दोन्ही बाजूंना! पण पलीकडचा अजून बांधायचाय, आणि आईला आता रोज फिरायला जायचं असतं. मी असतो पलीकडे उभा. म्हणजे, ओणवा.