कोरड्या बिळाचा पंचनामा

एका जंगलात एक नदी होती, मुलांनो, आणि दर पावसाळ्यात ती काठ सोडून आत यायची. पाणी ओसरलं की राजाकडून मदत यायची. म्हणजे जे उरायचे त्यांना.

एका वर्षी सिंहमहाराजांना सुचलं, की या खेपेला पुराच्या आधीच रोख पैसे द्यावेत. काठावरच्या गरिबांनी वेळीच उंचावर जागा बघावी. सभेत टाळ्यांचा कडकडाट झाला. तुमच्या या गोष्टीवाल्यानेही वाजवल्या. त्याचं घर वडाच्या शेंड्यावर होतं, त्यामुळे जरा जास्तच वाजवल्या.

काम बगळेरावांकडे आलं. वीस वर्षं पुराचे पंचनामे केलेला हा अधिकारी. मनाने मायाळू, आणि आपण मायाळू आहोत याचं त्यांना भारी कौतुक.

टिटवीने सांगितलं, चार दिवसांत पाणी येणार. बगळेराव लगबगीने काठावरच्या उंदरीणबाईंकडे गेले. बिळात सात पिल्लं होती, अजून डोळेही न उघडलेली.

"साहेब, पैसे आज मिळाले तर बरं होईल," उंदरीणबाई म्हणाल्या. "खारूताई वरची ढोली भाड्याने देतेय. पिल्लं न्यायला माकडही तयार आहे. पण दोघांनाही आगाऊ हवेत."

"मिळतील की! त्यासाठीच तर आलोय." बगळेरावांनी पंखाने एका पिल्लाला कुरवाळलं. मग त्यांनी सवयीने फॉर्म काढला. "पाणी बिळात कुठवर आलं होतं?"

"अजून आलं नाही, साहेब."

"मग मी लिहू काय?"

"येणार आहे, असं लिहा."

"तसा रकाना नाही हो!"

योजना नवी होती, फॉर्म जुनाच होता. बगळेरावांना मनापासून वाईट वाटलं. पण खोटं कसं लिहायचं? त्यांनी लिहिलं, 'बीळ कोरडे. नुकसान निरंक.' पंच म्हणून बेडूक आणि खेकडा यांनी सह्या केल्या. दोघांनाही पोहता येत होतं.

"घाबरू नका," निघताना बगळेराव म्हणाले. "पाणी शिरलं की सगळ्यात आधी तुमच्याकडेच येतो."

आणि खरंच आले, थैली चोचीत धरून. उंदरीणबाई चिंचेच्या फांदीवर निथळत बसल्या होत्या. कुशीत दोन पिल्लं.

"बाकीची?"

"ढोली मिळाली नाही, म्हणून बिळातच थांबले. पाणी शिरल्यावर निघाले. तोंडात एका वेळी एकच पिल्लू धरता येतं, साहेब. दोनच फेऱ्या झाल्या."

बगळेरावांनी मान खाली घातली. त्यांना लाज वाटली, अगदी खरी.

"लिहा आता," उंदरीणबाई म्हणाल्या.

त्यांनी लिहिलं. एकही रकाना रिकामा राहिला नाही. अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला.

तात्पर्य: गरिबाने बुडण्याआधी मदत मागू नये, त्याने साहेबलोकांची फार अडचण होते. आधी नीट, पंचांसमक्ष बुडावं आणि मग, उरल्यास, अर्ज करावा. हळहळण्यात आम्ही कुठेही कमी पडणार नाही.