फेटेवाल्याचा सत्कार

रविवारी संध्याकाळी सात वाजता नारायणसर कुणासाठीही दार उघडत नसत. त्या वेळी कोरेगावच्या केबलवर 'कशी जिरली!' लागायचं. शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत सर या कार्यक्रमाबद्दल "थिल्लर, निव्वळ थिल्लर!" असं आठवडाभर बोलायचे. तो अजूनही तितकाच थिल्लर आहे ना, याची खात्री करून घ्यायला दर रविवारी तो बघणं त्यांना भाग होतं.

कार्यक्रम केबलवाल्या लालासाहेबाचा होता. सत्त्याण्णव सालच्या आषाढात लग्नं थांबली, लग्नांचं शूटिंग थांबलं आणि त्याचा कॅमेरा धूळ खात पडला. मग त्याने तो केळ्यांच्या खोक्यात लपवला, एसटी स्टँडसमोर रस्त्याला रुपयाचं नाणं चिकटवलं आणि गंमत बघत बसला. पहिल्याच दिवशी एका नामांकित वकिलाने ते नाणं नखांनी उकरलं, मग किल्लीने, मग छत्रीच्या टोकाने. रविवारी सगळ्या गावाने ते पाहिलं आणि शेवटी "कशी जिरली!" अशी आरोळी टीव्हीतून आणि घराघरातून एकदमच उठली.

वकीलसाहेब महिनाभर तोंड लपवतील असं लोकांना वाटलं होतं. झालं उलटंच. त्यांना हॉटेलात फुकट चहा मिळायला लागला आणि ते स्वतःच छत्री काढून प्रात्यक्षिक दाखवू लागले. पुढे पुढे तर स्टँडवर येणारे लोक केळ्यांच्या खोक्यासमोर उगाच घोटाळायला लागले. भाजीवाल्या हरणाबाईचं मात्र तसं झालं नाही. तिच्या तराजूखाली बेडूक ठेवून तिची किंकाळी दाखवल्यावर तिने बाजारातली नेहमीची जागाच बदलली. सरांना त्याचं एवढंच जाणवलं की कोथिंबिरीला आता लांब जावं लागतं.

एका सकाळी लालासाहेब सरांच्या ओट्यावर येऊन बसला.

"सर, आवं डोकं चालंना झालंय. लोकांनी खोकं वळखलं. तुमी शिकलेली माणसं, काय तरी भारी सुचवा की!"

सर मराठीचे शिक्षक. तालुक्यात कुणाचाही सत्कार असला की मानपत्र त्यांनीच लिहायचं, हा रिवाजच होता. पण भारी काहीतरी सुचवा, असं त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ते खुलले.

"कॅमेरा लपवायचाच कशाला?" ते म्हणाले. "खोटा सत्कार करा. सत्कारात कॅमेरा असतोच. हार, शाल, मानपत्र, सगळं रीतसर. आणि भेटीच्या खोक्यात निघाला पाहिजे जुना खराटा!"

"आयला! आन् सत्कार कुणाचा?"

सरांनी क्षणभरही विचार केला नाही. "आकारामतात्याचा. आयुष्यभर दुसऱ्यांना फेटे बांधतोय. एकदा त्याच्या डोक्याला बांधा, ढिला बांधा, म्हणजे भाषणात सुटून गळ्यात येईल."

लालासाहेब मांडीवर थाप मारून हसला. आतून चहा आणणाऱ्या सरांच्या पत्नी उमाबाईही हसल्या. सरांना आपण विनोदी लेखक व्हायला हवं होतं असं वाटून गेलं.

निमंत्रणपत्रिका छापून झाल्यावर, शुक्रवारी, आकारामतात्या बायको मनुबाईला घेऊन सरांच्या घरी आला. हातात कंदी पेढ्यांचा पुडा. लग्न असो, मंत्र्याचा दौरा असो, फेटे बांधायला तात्याच लागायचा. गुडघ्यावर कापडाचं टोक दाबून तो असा झरझर फेटा चढवायचा की बघत राहावं. सर आणि तो आजवर प्रत्येक सत्कारात भेटले होते, सर व्यासपीठावर आणि तात्या मागच्या दाराशी.

"सर, माझा सत्कार हाय म्हणं," तात्या म्हणाला. त्याचा अजून विश्वास बसत नव्हता. "तुमीच माझं नाव सुचिवलं, असं लालासाहेब म्हणला."

सरांनी तोंडाशी नेलेला पेढा परत पुड्यात ठेवला.

"एक इनंती हाय," मनुबाई म्हणाली. "आमचं व्याही येनार हायती सांगलीस्नं. हळदीचं मोठं आडत दुकान हाय त्यांचं. मानपत्रात जरा ठसक्यात लिवा, म्हंजी आमच्या दीपमालाला बरं पडंल."

"का? सासरी काही त्रास आहे का तिला?" उमाबाईंनी विचारलं.

मनुबाईने नवऱ्याकडे पाहिलं. तात्या हसत म्हणाला, "तरास न्हाई. पर तिच्या लग्नात व्याही म्हनलं, तुमी फेटं बांधता न्हवं, मग बांधा की आमच्या वऱ्हाडाला. मी बांधत बसलो. अक्षता पडल्या तवाबी मी कुनाच्या तरी डोक्यामागं हुतो. माझ्यापत्तोर कापाड पुरलंच न्हाई. तवापास्नं तिला सासरी 'फेटेवाल्याची पोर' म्हनत्यात. नुसतं नावानं हाक मारावी येवढंच तिला वाटतं."

ते गेल्यावर सरांनी पेढ्यांचा पुडा पुन्हा बांधून बाजूला सारला.

"मी हसलो तेव्हा तूही हसलीस," ते उमाबाईंना म्हणाले.

"हसले ना. तेव्हा तो नुसता फेटेवाला होता. मुलगी, व्याही असलं काही डोळ्यांपुढे नव्हतं. ते असतं तर हसू आलं असतं का?"

सर तडक लालासाहेबाच्या दुकानात गेले. हे सगळं रद्द कर, असं त्यांनी आधी समजावून आणि मग शिक्षकी आवाज चढवून सांगितलं. लालासाहेबाने टीव्हीकडे बोट दाखवलं. पडद्याखालून अक्षरांची पट्टी सरकत होती : 'येत्या रविवारी पाहा, कुणाची जिरली!' पाठोपाठ साडीच्या दुकानाची जाहिरात.

"जाहिरात घेतलीया सर. आता कसं रद्द करू?"

"अरे, माणसाच्या अब्रूचा प्रश्न आहे!"

"वकिलाची अब्रू न्हवती व्हय? त्या रविवारी तुमचा आवाज माज्या घरापत्तोर आला हुता. मी काय कुनाला बांधून टीव्हीम्होरं बसवतो का? लोकं बघत्यात, मी दावतो."

"मग मी तात्याला सांगतो, हे सगळं खोटं आहे म्हणून."

"सांगा की. कुनी सुचिवलं तेबी सांगा."

सर परत फिरले.

शनिवारी दुपारी वाचनालयाचं सभागृह भरून वाहत होतं. लालासाहेबाने वीसेक खुर्च्या मांडल्या होत्या, पण तात्याचे पाहुणे दोन ट्रॅक्टर भरून आले. मानाचा कार्यक्रम म्हटल्यावर मोकळ्या हाताने कोण येणार? प्रत्येकाने टॉवेल-टोपी आणली होती. घरी मनुबाईने पंगतीची चूल पेटवली होती. पहिल्या रांगेत व्याही हंबीरराव बसले होते, मांडीवर काठी आणि चेहऱ्यावर मेहेरबानी. त्यांच्या मागे दीपमाला, नवी साडी नेसून, पदर दोन्ही हातांत घट्ट धरून.

सवयीने तात्याने दारातच पाहुण्यांना फेटे बांधायला घेतले. लालासाहेबालाही त्याने एक बांधला, तोही डौलदार. मग लालासाहेबाच्या मित्राने तात्याच्या डोक्याभोवती कापडाचे कसेबसे चार वेढे दिले. ते ढिले आहेत हे तात्याच्या लगेच लक्षात आलं, पण दुसऱ्याच्या हातून पहिल्यांदाच बांधून घेत होता, त्यामुळे तो काही बोलला नाही. नुसता मान ताठ ठेवून बसला. टेबलावर चमकीच्या कागदातलं खोकं होतं आणि त्यावर कॅमेरा रोखलेला होता.

सर मानपत्र हातात घेऊन उभे राहिले. त्यांच्यानंतर खोकं उघडायचं होतं. तेवढ्यात त्यांना आठवलं की भाषणं लांबली की लालासाहेब नेहमी "बॅटरी बसली, बॅटरी बसली" म्हणून कपाळ बडवतो. सभागृहात प्लग लावायला जागा एकच होती, आणि ती लाऊडस्पीकरवाल्याने अडवलेली होती.

सरांनी मानपत्र घडी करून खिशात ठेवलं आणि घसा साफ केला.

"मित्रहो, फेटा म्हणजे काय?"

या प्रश्नाचं उत्तर त्यांनी आदिमानवापासून सुरू केलं. आदिमानवाला ऊन लागायचं इथपासून तो झाडाची पानं डोक्याला कशी गुंडाळायचा, इथपर्यंत यायलाच पाव तास लागला. मग कापूस आला, चरखा आला, रंगारी आले. हंबीरराव पेंगतायत असं दिसल्यावर सरांनी पिवळ्या फेट्याचा विषय काढून हळदीकडे वळण घेतलं आणि सांगलीच्या हळदीचं असं कौतुक केलं की हंबीरराव सावरून बसले. पोरं रडायला लागली. आया त्यांना घेऊन बाहेर गेल्या, दूध पाजून परत आल्या, तरी सर अजून फेट्याच्या दुसऱ्या वेढ्यावरच होते. अध्यक्षांची हनुवटी छातीला टेकली. लालासाहेब कॅमेरा कधी सरांवर, कधी लोकांवर फिरवत मागून हात जोडत होता, घड्याळ दाखवत होता, गळा चिरल्याच्या खुणा करत होता. सर पाणी प्यायले आणि पुन्हा बोलू लागले. बोलण्यासारखं सगळं संपलं तेव्हा त्यांनी डोक्याला बांधायच्या वस्तूंची नावं घेऊन एकेकीचं लिंग, वचन आणि विभक्ती चालवायला घेतली.

तात्याच्या फेट्याचा एक वेढा घसरून भुवईवर आला होता. तो मात्र एकेक शब्द कानात साठवत होता. त्याच्याबद्दल इतकं कुणी कधी बोललंच नव्हतं.

अखेर कॅमेऱ्यावरचा लाल दिवा विझला. लालासाहेबाने कपाळावर हात मारून घेतला.

"एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो," सर म्हणाले. सुटकेच्या आनंदाने अख्ख्या सभागृहाने इतक्या टाळ्या वाजवल्या की बाहेर रस्त्यावरचे लोक आत डोकावले. खोकं सरांनी काखेत मारलं. "भेट घरपोच होईल," असं त्यांनी जाहीर केलं आणि संध्याकाळी भिंतीवरचं नवं घड्याळ तात्याच्या घरी नेऊन दिलं. कॅमेरा बंद पडल्यावर आरोळी मारून काय उपयोग, म्हणून लालासाहेबही मुकाट्याने जेवायला बसला. पंगतीत हंबीररावांनी तात्याला आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि दोन दिवस मुक्कामही केला. सरांना त्या दिवशी आपण फार चांगले आहोत असं मनापासून वाटलं.

रविवारी सात वाजता त्यांनी निर्धास्तपणे टीव्ही लावला.

लालासाहेबाला जाहिरात चालवायची होती, आणि दाखवायला त्याच्याकडे एकच गोष्ट होती. पडद्यावर सर आले. "मित्रहो, फेटा म्हणजे काय?" मग जांभई देणारी म्हातारी. मग सर, आदिमानव. मग अध्यक्षांची खाली खाली जाणारी हनुवटी, पाठीमागे घोरण्याचा आवाज जोडलेला. मग घाईघाईने पाणी पिणारे सर, तेच तीनदा. शेवटी विभक्ती चालवणाऱ्या सरांच्या तोंडावर अक्षरं उमटली, "कशी जिरली!"

शेजारच्या घरातून हसण्याचा लोट आला. त्यात एक आवाज, सरांनी लहानपणापासून शिकवलेल्या साईराजचा, स्पष्ट ओळखू येत होता. अनोळखी लोक हसले तर सोसतं, पण ओळखीचा आवाज भिंतीपलीकडून आला की लागतो. हरणाबाई जागा का बदलून गेली ते सरांना त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. त्यांनी उमाबाईंकडे पाहिलं. त्या पदराचा बोळा तोंडात कोंबून थरथरत होत्या.

"हस," सर म्हणाले. "हसून घे."

त्या इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग सरांना स्वतःलाच, त्या आदिमानवावर, थोडंसं हसू फुटलं. पण ते काही खरं हसू नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आकारामतात्या आला आणि ओट्यावर टेकला.

"राग मानू नगा सर, पर काल आमी लय हसलो," तो म्हणाला. "मला आदी वाईट वाटलं. माज्यापायी तुमचं असं झालं. पर व्याही पोट धरून हसाय लागलं आन् मग मलाबी आवरंना. दोघं येकमेकाला टाळ्या देत हुतो. आजपत्तोर त्यांनी मला कवा हात लावला न्हवता. दीपमालाला म्हनलं, 'दीपमाला, तुज्या बाला पानी दे, हसून ठसका लागंल.' नावानं हाक मारली सर!"

जे सत्काराने झालं नाही ते सरांच्या फजितीने केलं होतं. त्यांना वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

"त्या लालासाहेबानं इचारलंय, फुडच्या बारीला कुनाचं नाव सुचतंय का," तात्या आवाज खाली आणत म्हणाला. "माज्या डोक्यात येक हाय. आमचं व्याही! खोटाच सत्कार करू. त्यांना मोठेपनाची लय हौस. सांगलीत आपलं केबल दिसत न्हाई. मानपत्र तुमी लिवा, आन् फेटा," त्याचा आवाज बदलला, "फेटा मी बांधतो. असा बांधतो की हार घालायला मान वाकवली की धाडदिशी खाली! सगळ्या वऱ्हाडाला बांधला हुता मी. माज्या डोक्यावर कुनी टोपीबी ठिवली न्हवती."

त्याच ओट्यावर, त्याच जागी बसून, सर स्वतः इतकेच खुलले होते.

"आणि ते कळल्यावर दीपमालाचं काय होईल, तात्या?"

तात्याचं हसू हळूहळू मावळलं. त्याने कपातला चहा गोल गोल फिरवला.

"व्हय," तो म्हणाला. "ऱ्हाऊ द्या मग."

रस्त्यावरून दोन पोरं "मित्रहो!" असं ओरडत सायकलवरून गेली.

"पर सर, नुसता इच्यार केला तरी लय बरं वाटलं बगा."

सरांना हसू आलं, अगदी पोटातून. "आणि भेटीच्या खोक्यात काय ठेवायचं?" त्यांनी विचारलं.

"हळकुंडं! सडकी!"

उमाबाईंनी पुन्हा चहाचं आधण ठेवलं. मग त्या तिघांनी तिथं ओट्यावर बसूनच हंबीररावांचा सगळा सत्कार, मानपत्रापासून आभारापर्यंत, यथासांग उरकून घेतला.