सिंहाच्या पंजाचा रस्सा

हार्बिनच्या बर्फात तीस वर्षं बस चालवून एकदाही खांबाला न धडकलेल्या माणसाला साधा टोफू रांधता येऊ नये? छे! हे मी भर जिन्यात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं होतं.

झालं होतं असं, की माझी बायको युनचिन ऑपरेशननंतर अकरा दिवसांनी घरी आली, पण अन्नाला शिवेना. शेवटी एकदाची म्हणाली, "गोठवलेल्या टोफूचा, कोबी घातलेला रस्सा असेल तर खाईन चार घास." समोरच्या लुआनकाकू लगेच पुढे सरसावल्या.

"मी आणते करून."

"काही गरज नाही काकू! माझ्या बायकोला मीच खाऊ घालणार!"

"तोंग, तू जन्मात कधी पाणी तरी उकळलंयस का रे?"

मी तिकडे काणाडोळा केला. टोफूची वीट संध्याकाळी खिडकीबाहेरच्या कठड्यावर ठेवली. आमच्याकडे सगळ्यांच्या खिडक्यांत हाच कारभार. थंडी फुकटात गोठवून देते, टोफूला आतून जाळी पडते आणि मग तो रस्सा पिऊन टम्म फुगतो.

सकाळी बघतो तर कठड्यावर वीतभर बर्फ! मी झाडूने बर्फ लोटला, आणि बर्फाबरोबर टोफूही तीन मजले खाली गेला.

धावत खाली उतरलो. तिथे आमचा चौकीदार छ्यु नववर्षासाठी बर्फाच्या विटांचा सिंह रचत होता. जिकडे बघावं तिकडे विटाच विटा! टोफू पांढरा, विटाही पांढऱ्या. मी मापाने बरोबर बसणारी एक पांढरीशुभ्र वीट उचलली आणि वर सटकलो. कोबी, आलं, सुका जवळा, वर ती वीट, आणि झाकण!

अर्ध्या तासाने झाकण काढलं. कोबी होता, जवळा होता, पाणी तर भरपूर होतं. टोफू गायब!

"झालं का हो?" आतून युनचिनचा आवाज आला. "वास छान सुटलाय!"

अकरा दिवसांत तिने पहिल्यांदाच जेवणाची चौकशी केली होती. मी झाकण परत लावून टाकलं. तेवढ्यात दार वाजलं. दारात छ्यु!

"तोंगभाऊ, माझ्या सिंहाचा पंजा कुठाय? पळवताना पाहिलंय मी तुम्हाला!"

"तो... शिजला."

समोरच्या दारातून ऐकणाऱ्या लुआनकाकू हसून हसून पायरीवरच बसल्या. मग डोळे पुसत घरात गेल्या आणि आपल्या खिडकीतला टोफू घेऊन आल्या. "हा धर. आधी पाण्यात सोड, मऊ झाला की दोन्ही तळव्यांत दाबून पीळ, मग तुकडे कर. आच मंद ठेव. घाई केलीस तर याद राख!"

छ्युनेही धावत जाऊन आपला टोफू आणला. ज्या माणसाने त्याचा सिंह लंगडा केला, त्याच्यासाठी! मला भरून आलं. वाफ डोळ्यांत गेली, असं मी सांगितलं.

युनचिनने एक वाडगा संपवला. मग दुसरा मागितला! मी देवाचे, डॉक्टरांचे, काकूंचे, छ्युचे मनातल्या मनात आभार मानले आणि वर मिशीला पीळही दिला.

"कसा झालाय?"

"फारच छान." ती खिडकीतून खाली बघत होती. "पण छ्युने सिंहाला एकच दात का हो लावलाय? तोही पिवळा?"

मी वाकून पाहिलं. दात नव्हता तो, माझा टोफू होता!

"गोठला की टोफू पिवळा पडतो," ती पोटावरचे टाके धरून हसू लागली. "बेचाळीस हिवाळे खाताय, एकदा तरी खिडकीत बघायचं! आणि जिन्यातलं सगळं ऐकलंय मी. जा, आभार मानून या. भर जिन्यात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात."

गेलो. घसा फोडून मानले.

"कोबी तरी कुणाचा होता?" वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलंच.

"कोबी माझा होता!" मी ओरडलो.