हललं म्हणजे बिघडलं

आमच्या शेजारचे सबनीस कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी खुर्ची हलवून बघतात. हलली, तर बसत नाहीत. खिशातून बोटाएवढा स्क्रू ड्रायव्हर काढतात, खुर्ची उलटी करतात आणि चहा येईपर्यंत गालिच्यावर गुडघे टेकून स्क्रू पिळत राहतात. "हललं म्हणजे बिघडलं, आक्का." मी वयाने मोठी, म्हणून आक्का.

मी अमेरिकेत नेपरव्हिलला मुलाकडे राहायला आले तेव्हा पहिल्याच भेटीत त्यांनी आमच्या दाराची कडी, जिन्याचा कठडा आणि माझ्या चष्म्याची दांडी आवळली. चष्मा माझ्या नाकावर असतानाच. "डोळे मिटा, आक्का." मी मिटले. पुढे कितीतरी दिवस कानामागे दुखत होतं. देवळात घंटेची साखळी करकरते म्हणून या माणसाने भर आरतीत स्टूल मागितलं होतं.

लोक हसतात. मला सबनीसांचा राग यायचा, पण तो खुर्च्यांवरून नाही.

त्यांच्या बायकोचा, सुमनचा, उजवा हात थरथरतो. आजार आहे, औषधं चालू आहेत, बरा होणार नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती मला कुंकू लावायला गेली आणि कपाळाऐवजी नाकावर लाल रेघ ओढली गेली. एक बाई हसली. मी नाक तसंच ठेवून तिळगूळ खाल्ला, पण सुमनने ते हसणं ऐकलं होतं. त्यानंतर तिने कुणाकडे जाणं सोडलं. डॉक्टरकडे तेवढी जायची, हात शालीखाली लपवून. आणि शालीवरून तिच्या मनगटावर सबनीसांची मूठ, घट्ट. घरी चहा पितानासुद्धा.

मी एकदा सरळ विचारलं, "भावजी, ती बायको आहे का खुर्ची?"

त्यांनी माझ्या कपाखालची बशी सरळ केली.

माझी नात रिया शिकागोला नोकरी करते. तिकडे एका इराणी शिल्पकाराचं प्रदर्शन लागलं होतं, ते आम्हा तिघांना दाखवायचं तिने ठरवलं. "सुमनआजी, यू हॅव टू कम."

"तिथे अंधार असतो का ग?" सुमनने विचारलं.

"अंधार? का?"

"लोकांना हात दिसायला नको."

मी म्हटलं, "लोक शिल्पं बघायला येतात. तुला बघायला कोण येतंय?"

ती आली. गोड बोलले असते तर आली नसती.

ट्रेनमध्ये सबनीसांनी पुढच्या सीटची सैल मूठ आवळली. प्रदर्शनाच्या दारात मात्र पहारेकऱ्याने त्यांचा स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला. "आजोबा, जाताना मिळेल," रिया म्हणाली. पण त्यांचा हात सारखा रिकाम्या खिशाकडे जात होता.

आत लाकडाच्या मोठमोठ्या फळ्या होत्या, बिजागऱ्यांनी एकमेकींना जोडलेल्या. ना माणूस, ना देव, ना जनावर. लोक त्या फळ्या उघडत होते, फिरवत होते, मिटत होते. मिटल्या की कासव दिसायचं, उघडल्या की काहीच नाही. एका बाईने फळी ओढली तसे सबनीस धावले, "नो, नो! डोन्ट टच!"

रियाने भिंतीवरची पाटी दाखवली. 'प्लीज टच' असं तिच्यावर होतं.

"छापताना 'नॉट' राहिला असेल."

"नाही आजोबा. आपण हलवायचं, मगच ते कम्प्लीट होतं. आर्टिस्टला तेच हवं होतं."

"मग तो घरी काय करत होता?" सबनीस म्हणाले.

मलाही हे पटलं. तसं मी बोलले नाही.

शेवटच्या खोलीत एक उंच लोखंडी चौकट होती आणि तिला पितळेच्या पातळ पट्ट्या लटकवलेल्या, दाट. लोक येत, धक्का देत, फडताळातली भांडी कोसळावीत तसा आवाज होई आणि लोक पुढे जात. सबनीसांना चौकटीच्या पायाशी एक नट सैल दिसला. तो बघायला ते वाकले, आणि वाकताना सुमनचं मनगट सुटलं.

तिने इकडेतिकडे पाहिलं. मग शालीतून हात काढून एका पट्टीला बोट टेकवलं. धक्का दिला नाही, नुसतं टेकवलं. ती पट्टी थरथरली, तिच्यामुळे शेजारची हलली, मग पुढची. घासून पुसून ठेवलेलं पितळी ताट नख लागल्यावर बारीक घुमत राहतं, तसा आवाज सगळ्या पट्ट्यांतून निघाला. तो थांबेना, कारण तिचा हात थांबत नव्हता.

खोलीतले लोक बोलायचे थांबले. एका गोऱ्या म्हाताऱ्याने तिला विचारलं, "हाउ डू यू डू दॅट?"

"मी काही करत नाही," सुमन मराठीत म्हणाली. "आपोआप होतं."

सबनीस वाकलेलेच राहिले. मग उठले, पण मनगट धरलं नाही. परतताना ट्रेनमध्ये एका सीटची मूठ खडखडत होती. स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या खिशात होता. तो खिशातच राहिला.

पुढे काही दिवसांनी मी माझं डुगडुगणारं स्टूल घेऊन त्यांच्याकडे गेले. स्वयंपाकघरात सुमनच्या खुर्चीशेजारी पितळी चमचे दोऱ्यांनी टांगलेले होते. तिने एकावर बोट ठेवलं होतं आणि खिडकीबाहेरचा बर्फ बघत होती. चमचे वाजत होते. सबनीस खाली बेसमेंटमध्ये होते. तिथेही चमचे ऐकू येत होते.

"दिवसभर हेच?" मी विचारलं. "डोकं उठत नाही?"

"हल्ली ती फार बोलत नाही, आक्का," ते स्टूल उलटं करत म्हणाले. "वाजतंय तोवर मला इथे काम सुचतं."

ते स्क्रू पिळू लागले आणि वरचा आवाज बंद झाला. त्यांचे हात थांबले.

"डोळा लागला असेल," मी म्हटलं.

"हो, तेच असेल," ते म्हणाले. तोवर ते जिन्यात पोचले होते.

मी छताकडे बघत बसले. आधी चमचे एकदम खणखणले. ते त्यांनी वाजवले असणार. मग बारीक वाजू लागले, न थांबता. ते तिचे.

ते लवकर खाली येतील असं दिसेना. उरलेला स्क्रू मी माझ्याच हाताने बसवला. थोडा सैल राहिला. राहू दे म्हटलं.