कॅफे नसलेल्या जंगलातली कॅफे रेसर

एका जंगलात, बाळांनो, रंगनाथ नावाचं एक अस्वल राहत होतं. जंगल कुठलं ते विचारू नका. सांगितलं तर उद्याच तुम्ही तिथे सहल काढाल.

रंगनाथाकडे त्याच्या वडिलांची, म्हणजे तात्यांची, जुनी फटफटी होती. काळीभोर, अंगाने म्हशीएवढी. बाजूला साइडकारचा डबा. ती मोहाच्या फुलांच्या अर्कावर चालायची आणि धुडूक धुडूक करत साऱ्या जंगलाच्या उपयोगी पडायची. सशांची पोती गिरणीत न्यायची. अडलेल्या हरणीला सुईणीकडे पोचवायची. बगळ्यांच्या लग्नात नवरदेवाला मिरवायची.

तात्यांनी ती तिसऱ्या गियरच्या वर कधी नेली नाही. चौथा गियर त्यांनी पाहुण्यांसाठी राखून ठेवला होता, चांगल्या कपबशांसारखा.

पुढे तात्या थकले. गाडी रंगनाथाकडे आली. गाडीबरोबर पोतीही आली.

रंगनाथ कुठेही पोचला की प्राणी म्हणत, "आला एकदाचा!" रंगनाथ हसायचा. पण आतून त्याला फार लागायचं. त्याला वाटायचं, एकदा, फक्त एकदा, कुणीतरी म्हणावं, "अरे, गेलासुद्धा?"

आणि एके दिवशी विक्रांत बिबट्या परत आला. तो परजंगलात शिकायला गेला होता. काय शिकला ते कुणाला कळलं नाही, पण आला तो मोटारसायकलवर. गाडी कसली, नुसती हाडं! बुटकं हँडल, एकट्यापुरती सीट, आणि वर विक्रांत असा ओणवा, जणू गाडीच्या कानात काही सांगतोय.

"हिला कॅफे रेसर म्हणतात," विक्रांत म्हणाला. "जुनीच गाडी असते. फक्त नको ते सगळं काढून टाकायचं."

"मग उरतं काय?" रंगनाथाने विचारलं.

"स्टाइल, रंगूभाऊ, स्टाइल!"

सगळ्या हरणी एकदम उसासल्या. वास्तविक बिबट्या दिसला की हरणींनी पळायचं असतं, बाळांनो. पण स्टाइलपुढे कुणाचं काय चालतं?

रंगनाथाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. सकाळी त्याने फटफटी ढकलत हरबा वानराच्या गॅरेजात नेली. हरबाचं गॅरेज वडाच्या पारंब्यांखाली होतं. गाडी खोलण्यात त्याचा हात धरणारं जंगलात कुणी नव्हतं. जोडायची वेळ त्याच्यावर फारशी आली नव्हती.

"साइडकार?" हरबाने पाना उचलत विचारलं.

"काढ."

"मागचं मडगार्ड? चिखल उडेल हो."

"कुणाच्या अंगावर?"

"मागून येणाऱ्याच्या."

"मग काढच!"

कॅरियर गेला. लांबलचक सीट गेली. हेडलाइट गेला, हॉर्न गेला. सायलेन्सर निघाला तेव्हा वडावरचे सगळे बगळे उडाले आणि बराच वेळ उतरेचनात.

"आणि हे ब्रेक?" हरबाने डोकं खाजवलं.

"वजन आहे का त्यांना?"

"थोडंसं."

"काढ."

शेवटी हरबाने टाकीला झगझगीत केशरी रंग दिला आणि वर पांढऱ्या गोलात सातचा आकडा काढला. सातच का? तर हरबाला तेवढाच येत होता.

रंगनाथ गाडीकडे बघत राहिला. मग एकदम त्याला तात्या आठवले. तात्या मधाच्या हंगामासाठी डोंगरावर, थोरल्या मुलाकडे गेले होते. ते परतल्यावर त्यांना काय सांगायचं?

पण तात्यांच्या आधी सुभद्रा आली. सुभद्रा रंगनाथाची बायको. तिने गाडीला एक फेरी मारली.

"अहो, मी कुठे बसायचं?"

"कॅफे रेसरवर दुसरं कुणी बसत नसतं, सुभद्रे."

"बरं," सुभद्रा म्हणाली. बायको 'बरं' म्हणून गप्प झाली की काय समजायचं, ते तुम्ही मोठे झालात की कळेल. तिने काढून टाकलेले सगळे भाग साइडकारच्या डब्यात भरले आणि डबा ओढत ती निघून गेली.

टाकीचा रंग वाळल्यावर रंगनाथ गाडी घेऊन विक्रांतकडे गेला. विक्रांतने मिशांवरून पंजा फिरवला.

"छान आहे. पण हिला कॅफे रेसर नाही म्हणता येणार."

"का? सगळं तर काढलं!"

"कॅफे रेसर कॅफेपर्यंत पळवायची असते. आपल्या जंगलात कॅफे कुठाय?"

"मग तुझी तरी कशी झाली?"

"माझी परजंगलात झाली. तुझी ही नुसतीच उघडी फटफटी."

रंगनाथाचे कान पडले. तो गाडी ढकलत घराकडे निघाला. चालवायची सुद्धा त्याला लाज वाटू लागली.

डोहाजवळच्या वळणावर त्याला खमंग वास आला. टाकळ्याच्या बिया भाजल्याचा वास. त्याने मान वर केली आणि तो बघतच राहिला.

डोहाकाठी एक मांडव उभा होता. आत तात्यांच्या गाडीची सीट बाक होऊन बसली होती. उपडा साइडकार काउंटर झाला होता. मडगार्ड पन्हळ म्हणून लागलं होतं. चुलीवर सायलेन्सरचं धुराडं होतं, आणि हेडलाइटच्या वाटग्यात त्या बियांची कॉफी उकळत होती. दारावर कोळशाने लिहिलं होतं : सुभद्रा कॅफे.

"सुभद्रे!" रंगनाथ ओरडला. "कॅफे! माझ्यासाठी?"

"रांगेत उभे राहा," सुभद्रा म्हणाली. पुढे तीन रानडुकरं आणि एक खवल्या मांजर उभं होतं.

मग काय! शर्यत ठरली. हरबाच्या गॅरेजापासून सुभद्रा कॅफेपर्यंत. एकीकडे विक्रांत, एकीकडे रंगनाथ. सारं जंगल रस्त्याच्या दुतर्फा गोळा झालं. सशांनी पोती खाली ठेवली आणि ते पोत्यांवर चढून बसले.

नेमके त्याच सकाळी तात्या डोंगरावरून उतरले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. सुनेने त्यांना कॅफेत बसवलं आणि कॉफी दिली. तात्यांना बाक ओळखीचा वाटला. कुठे पाहिला ते डोक्याला आठवेना, बुडाला मात्र पक्कं आठवत होतं.

हरबाने किंकाळी फोडली. गाड्या सुटल्या!

विक्रांत बाणासारखा पुढे गेला. रंगनाथ टाकीवर पालथा पडला. त्याचं पोट दोन्ही बाजूंनी ओघळलं. पहिला गियर, दुसरा, तिसरा. मग त्याने डोळे मिटले आणि पाहुण्यांसाठी ठेवलेला चौथा टाकला.

बाळांनो, गाडीने आधी खोकला काढला. मग ती हसली. मग ती अशी उधळली की रंगनाथाच्या अंगावरचे सगळे केस मागे निजले, कान मागे गेले, ओठ मागे गेले, झाडं मागे गेली, ओढा मागे गेला, आणि पोत्यांवर बसलेला ससा दुसऱ्या सशाला म्हणाला, "रंगनाथ कधी येणार रे?" आणि दुसरा म्हणाला, "अरे, गेलासुद्धा!"

ते ऐकून रंगनाथाला रडू आलं. पण डोळ्यांतलं पाणीही मागेच गेलं.

डोहाजवळचं वळण आलं. विक्रांत पुढे होता. वळणावर शहाण्या बिबट्याने करावं तेच त्याने केलं, ब्रेक दाबला. रंगनाथानेही दाबायला पाय मारला. तिथे हवा होती.

"बाजूला व्हाऽऽऽ!"

रंगनाथ जिंकला. जिंकून कॅफेच्या पुढच्या दाराने आत शिरला, जाता जाता बाकावरच्या तात्यांना कपासकट पाठीवर उचललं, मागची भिंत फोडून बाहेर पडला, आणि दोन अस्वलं, एक गाडी आणि एक कप धबाक्कन डोहात गेले.

पाण्यावर बुडबुडे आले. आधी रंगनाथ वर आला, पाठोपाठ तात्या. गाडी उथळ पाण्यात वाफा सोडत उभी होती.

तात्यांनी केशरी टाकीकडे बघितलं. टाकीवरचा पोचा त्यांनी ओळखला.

"रंग्या, ही माझी गाडी?"

"होय तात्या."

"एवढी पळते?"

"पळते तात्या."

तात्यांनी टाकीवरून पंजा फिरवला. मग हळूच म्हणाले, "जन्मभर माझ्यापाशी होती. मला कधी सांगितलं नाही तिने." आणि एकदम लहान पोरासारखे पाण्यावर पंजे आपटत ओरडले, "काढ बाहेर तिला! मला परत एकदा ने!"

"आधी मी!" सुभद्रा पदर खोचून पाण्यात उतरली.

"अगं, पण दुसरी सीट नाही..."

"मला एकच लागते. तुम्ही कॉफीकडे बघा."

आणि ती गेली! मांडवाचं उरलंसुरलं गवत अंगावर घेऊन, मोठमोठ्याने हसत ती ओढ्यापलीकडे गेली. त्या दिवशी सुभद्रा दोनदा डोहात पडली, आणि तात्या चारदा. त्यातल्या शेवटच्या दोन वेळा तर मुद्दामच. रंगनाथ कॉफी ढवळत सगळ्यांना सांगत होता, "ती माझी बायको. ते माझे वडील. ती आमची गाडी."

आता ते तिघं पाळीपाळीने कॅफे आणि गाडी चालवतात. कॅफेला मागची भिंत अजून बांधलेली नाही. बांधणारही नाहीत.

विक्रांतचं काय झालं म्हणता? शर्यतीनंतर ससे त्याच्याकडे गेले. "विक्रांतदादा," ते म्हणाले, "तुमची गाडी हवी तिथे थांबते. भरवशाची आहे." हरबाने तिला कॅरियर बसवून दिला. आता विक्रांत रोज गिरणीत जातो. तो पोचला की सगळे म्हणतात, आला एकदाचा.

तात्पर्य : जुनी वस्तू बिघडवायचीच असेल, तर मनापासून आणि पुरती बिघडवावी. ब्रेक शाबूत ठेवणाऱ्याला जन्मभर लोकांची पोती वाहावी लागतात.