टीव्हीच्या रोजच्या मूर्च्छेचा तपास

विदर्भात खाजगी गुप्तहेर दोनच. एक मी. दुसरा अजून कोणाला दिसलेला नाही, यावरून तो किती गुप्त आहे हे लक्षात यावे. माझ्या बाबतीत ती अडचण नाही. नागपूरच्या रामदासपेठेत पानवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे मला गुप्तहेर म्हणूनच ओळखतात आणि लांबून हाकही तशीच मारतात.

नाव मधुसूदन कापसे. दिवसा सदरमधल्या एका सरकारी कार्यालयात टपालावर शिक्के मारतो आणि संध्याकाळी गुन्हेगारीचा नायनाट करतो. नजर घारीची, चाल मांजराची, पोट माझं स्वतःचं. अंगात काळा लोकरी कोट, गळ्यात मफलर. गुप्तहेराला कोट लागतोच, मग नागपूरचा मे महिना असो की आणखी काही. या पोशाखात मला अधूनमधून घेरी येते, पण ती विचारांच्या वेगामुळे येते असं माझं निदान आहे.

त्या उन्हाळ्यात माझ्याच घरी गुन्हा घडू लागला. दिवाळीत आम्ही टीव्ही घेतला होता. पुष्पलतेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्याला मखमलीचं कव्हर शिवलं. त्यावर मोर भरला. कव्हर मागून, वरून, बाजूंनी गच्च. पुढे फक्त पडदा, कार्यक्रमापुरता वर करायचा. टीव्हीनं हिवाळा सुखात काढला. एप्रिल लागला आणि रोज संध्याकाळी बातम्या सुरू झाल्या की चित्र आक्रसायचं, थरथरायचं आणि गुडुप व्हायचं. सकाळी पाहावं तर बेटा ठणठणीत.

"मेकॅनिकले बोलवा," पुष्पलता म्हणाली.

"घरात गुप्तहेर असताना?"

"म्हणूनच म्हणून राहिली."

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, पण माझा मेहुणा देवाजी टीव्हीवर येणार होता. नरखेडकडे त्याची संत्र्याची बाग आहे. मृग बहारासाठी झाडांचं पाणी तोडून त्यांना ताण कसा द्यावा, हे सांगायला शेतीच्या कार्यक्रमवाल्यांनी त्याला गाठलं होतं. शनिवारी एकदाच दाखवणार. सासूबाई, म्हणजे रंभाबाई, एसटीनं खास त्यासाठी येणार होत्या. नवरा गेल्यावर बाईनं विहिरीचं पाणी घागरीनं ओढून ती झाडं जगवली होती. आता त्या झाडांपाशी उभा राहून बोलणारा लेक त्यांना पाहायचा होता. तो त्यांना दिसला नसता, तर मला आयुष्यभर तोंड दाखवायला जागा उरली नसती. मी कोटाची बटणं लावली.

पहिला संशय वरच्या मजल्यावरच्या गणपतरावांवर गेला. बातम्यांच्या वेळीच ते गच्चीवर जातात आणि गच्चीवर आमचा अँटेना आहे. म्हणजे ते अँटेना फिरवतात. हेतू? त्यांच्याकडेही टीव्ही आहे आणि माणसाला दुसऱ्याचा टीव्ही बघवत नाही. मी पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसलो. टाकी तापलेली, मी तापलेला. गणपतराव आले, खाली वाकले, आणि "हात वर!" म्हणत मी झेप घेतली.

ते वाळत घातलेल्या कुरडया गोळा करायला वाकले होते. मी त्या कुरडयांवर उतरलो. लगेच मला घेरी आली. ज्याला पकडायचं त्यानंच मला खांद्यावर टाकून खाली आणलं.

"कोट काढा ना गा मधुसूदनराव, मरून जाल एखाद्या दिवशी," ते पुष्पलतेदेखत म्हणाले. "अन् आता आमच्या घरी टीव्ही पाहाले येजा मा. बायको लाटणं घेऊनच बसली आहे."

अशा रीतीनं शनिवारसाठी असलेला एकुलता एक दुसरा टीव्ही मी तपासाच्या पहिल्याच फेरीत घालवला.

दुसऱ्या फेरीत वास सापडला. टीव्ही मूर्च्छित पडला की मागून किंचित जळकट वास येई. मी तो दीर्घ श्वास घेऊन तपासला. बिडी! कोणीतरी टीव्हीमागे लपून बिडी ओढतो.

"टीव्हीमागे एक वीत जागा आहे," पुष्पलता म्हणाली.

"म्हणजे माणूस बारीक आहे."

मी जमिनीवर तांदळाची पिठी पसरली. सकाळी पावलं उमटलेली! मी मापं घेतली. उजवा अंगठा वाकडा, टाच रुंद, चालण्यात एक प्रकारचा रुबाब. पावलं माझीच निघाली. मी स्वतःची उलटतपासणी घेतली आणि पुराव्याअभावी सोडून दिलं.

मग अदृश्य हल्लेखोर आला. कूलरमध्ये पाणी भरून मी तसाच टीव्हीच्या बोर्डाकडे वळलो. आमच्या वायरीला प्लग नव्हता. दोन उघडी टोकं भोकांत खुपसून काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट बसवलेली, ही माझीच कारागिरी. हात लावला मात्र, कोणीतरी मला उचलून दिवाणावर फेकलं.

"शत्रू बलदंड आहे," मी पडल्या पडल्या म्हणालो.

"ओल्या हातानं उघडी वायर धरली तुम्ही!" पुष्पलता पांढरीफटक पडली होती. तिनं बोलून टाकलं, "माझं कुंकू काय काडेपेटीच्या काडीवर ठेवलं काय तुम्ही?" मग ती रडली. मी तिला समजावलं की हा तपशिलाचा भाग आहे. तिनं दुसऱ्याच दिवशी वायरमन बोलावून प्लग लावून घेतला. माझं मत विचारलं नाही.

शनिवार आला तेव्हा मी निर्णायक पाऊल उचललं. टीव्हीला कोणाचा हातच लागू द्यायचा नाही. मखमली कव्हरावरून सोलापुरी चादर गुंडाळली, सुतळीनं करकचून बांधली आणि गाठींवर ऑफिसातल्या लाखेनं सील ठोकलं. फक्त काच उघडी ठेवली. दुपारी चालवून पाहिला, तर पूर्वी बातम्यांपर्यंत टिकणारा टीव्ही आता फारच लवकर गेला.

"गुन्हेगार घाबरला," मी म्हणालो. "घाई करून राहिला."

रंभाबाई उन्हातून आल्या, ऊन लागू नये म्हणून पदराला कांदा बांधून. पाहुणीचा मान म्हणून त्यांना अगदी कूलरसमोर बसवलं. कार्यक्रम सुरू झाला. आधी शेळ्यांच्या लसीकरणाची माहिती होती. एकेक शेळी रांगेनं येत होती आणि मी कोट-मफलर चढवून, हातात बॅटरी घेऊन टीव्हीशेजारी उभा होतो. सासूबाई प्रत्येक शेळीमागे देवाजीला शोधत होत्या.

चित्र आक्रसू लागलं. तो वास आला.

"कोणी जागचं हलायचं नाही!" मी गरजलो.

शेळ्या थरथरल्या आणि गुडुप झाल्या. खोलीत फक्त कूलर घरघरत होता. रंभाबाई काळ्या काचेकडे पाहत राहिल्या. "गेला का?" त्यांनी हळूच विचारलं. मला पहिल्यांदाच असं वाटलं की आपण गुप्तहेर नसतो तर फार बरं झालं असतं.

तेवढ्यात जिन्यावरून गणपतरावांचा आवाज आला. "रंभाबाईले वर पाठवा गा! शेळ्याच चालू आहेत अजून. तुम्ही मात्र खालीच राहा!"

पण रंभाबाई दोन्ही हात काखेत घालून बसल्या होत्या. "पोरी, हा कुलर त हाडात शिरते वं. जिना चढाच्या आधी काही पांघराले दे."

पुष्पलता जागची हलली नाही; माझ्या हुकमामुळे नव्हे, टीव्हीची बटणं दाबण्यात गुंतली होती म्हणून. मग बाईच उठल्या. समोर दिसली ती चादर धरली, एका हिसक्यात माझी सुतळी, माझी सीलं, सगळं तोडलं आणि चादरीसकट मखमली कव्हर ओढून अंगावर घेतलं.

"पुरावा!" मी किंचाळलो.

"बाप्पा! हे त तव्यावून काढल्यावानी गरम हाये," रंभाबाई म्हणाल्या. "बरं वाटते पण."

पुष्पलतेनं टीव्हीकडे पाहिलं, मागच्या जाळीवर लांबूनच हात धरला, मग कव्हराकडे पाहिलं. मोराचं पोट करपून तपकिरी झालं होतं. माझी बिडी ती. तिनं टीव्ही बंद केला, थोडा वेळ तसाच उघडा राहू दिला आणि पुन्हा लावला.

काचेवर एक ठिपका आला. ठिपक्याचा उजेड झाला आणि उजेडात देवाजी उभा होता, संत्र्याच्या झाडाला हात लावून. तो म्हणत होता, "ताण द्यावा, पण झाड मरेस्तोवर नाही. हे मले माझ्या मायनं शिकवलं."

रंभाबाईंनी मोराचं कव्हर डोळ्यांना लावलं. "काळा पडला वं पोरगा," त्या म्हणाल्या. टीव्ही काळा-पांढरा आहे हे मी सांगणार होतो, पण सांगितलं नाही. देवाजी संपला, बातम्या सुरू झाल्या, बातम्या संपल्या, तरी टीव्ही चालूच होता. गणपतराव केव्हा खाली येऊन दारात बसले ते कळलंच नाही.

"तर गुन्हेगार..." मी समारोपाला सुरुवात केली.

"कोनी नाई, जवाईबापू," रंभाबाई म्हणाल्या. "उन्हाळ्यात त्याले गोधड्यात गुंडाळलं तुम्ही, त्याचा जीव घाबरा झाला. एवढंच."

हे मी तत्काळ खोडून काढणार होतो. तीन मुद्दे तयार होते. पण पहिल्या मुद्द्यालाच माझं चित्र आक्रसलं, थरथरलं आणि गुडुप झालं.

डोळे उघडले तेव्हा मी जमिनीवर होतो. गणपतराव वारा घालत होते, पुष्पलता मफलर सोडत होती आणि सासूबाई माझ्या कोटाची बटणं काढत होत्या.

"एकाचं झालं," त्या म्हणाल्या. "आता याचं."