सगळे पाटील एका फळीवर

आमच्या तात्यांनी माझ्या दारातल्या तुळशीलासुद्धा चिठ्ठी लावली होती. ‘तुळस, नग एक, चालू.’ म्हटलं, “आवं तात्या, बंद तुळस असती व्हय कुठं?” तर म्हणाले, “सुकली की बंद. रेकॉर्ड पायजे.”

तात्या म्हणजे माझे चुलतसासरे. मिलिटरीत जन्म गेला, तोही स्टोअरमध्ये. बंदूक किती वेळा उडवली देव जाणे, पण बंदुका मोजल्या मात्र लय. रिटायर होऊन गावी आले, मुलगा पुण्याला, घरात मोजायला चार ताटं. मग त्यांची नजर माझ्या सोप्यावर, पुढच्या खोलीवर पडली.

सोप्यात मी ब्लाऊज शिवते. इस्लामपूर जवळ असलं तरी गावातल्या बायका माझ्याकडंच येतात, कारण माप आणि वेळ मी चुकवत नाही. माझी रीत साधी होती. जिची पिशवी तिची. ओढ्याकडच्यांच्या पिशव्या खिडकीत, मळ्यातल्यांच्या खुंटीला, पिंपळाखालच्यांच्या मशीनच्या पायाशी. आत कापड, मापाचा जुना ब्लाऊज आणि आठवणीपुरती एक चिठ्ठी. परक्याला तो उकिरडा वाटला असता, मला नुसती पिशवीची गाठ बघून बाई कळायची.

“ही काय सिस्टीम हाय?” तात्या कमरेवर हात ठेवून म्हणाले. सिस्टीम हा त्यांचा जपाचा शब्द. “आडनाव, अक्षर, फळी! आंधळा मानूस आला तरी माल घावला पायजे.”

“माझ्याकडं आंधळी माणसं येत न्हाईत, तात्या. बायका येत्यात. घाईतल्या.”

ऐकतात कुठले! मी माहेरी फलटणला काय गेले, परत येते तर सोप्याचा मेडिकल झालेला. भिंतभर फळ्या. माझ्या पिशव्या जाळून टाकलेल्या, आणि प्रत्येक ब्लाऊज एकसारख्या खाकी पाकिटात, वर स्टेपलरचं सील. माझ्या चिठ्ठ्यांवर ‘ओढा, थोरली’, ‘मळा, पूजा’ असं लिहिलेलं असायचं. तात्यांनी आमच्या ह्यांना विचारलं, “ही ओढा कोण?” हे टीव्हीतून मान न काढता म्हणाले, “पाटीलच की.” “आन् मळा?” “ती बी पाटीलच.” झालं! चार घरं सोडली तर आमचं आख्खं गाव पाटील. बाकीच्या फळ्या मोकळ्या, आणि ‘प’ची फळी मधोमध वाकलेली. प्रत्येक पाकिटावर सुंदर अक्षरात एकच शब्द, पाटील.

माझं डोकं असं सणकलं! पण चुलतसासऱ्याला बोलणार काय? म्हटलं, सवडीनं परत लावू.

सवड कुठली मिळतेय. दोनच दिवसांनी मळ्यातल्या पूजाची हळद. हल्ली हळदीला नवरीच नाही, सगळी भावकी पिवळ्या कपड्यांत लागते. त्यामुळं फळीवर सगळे पाटील, आणि पाकिटात सगळे ब्लाऊज पिवळे. मी हुक संपले म्हणून इस्लामपूरला गेले, तेवढ्यात तात्यांनी वाटप केलं. येऊन बघते तर पूजाची आई उंबऱ्यात बसलेली, मांडीवर फोडलेलं पाकीट, आणि त्यात दोन पूजा मावतील एवढा ब्लाऊज.

“सुनंदा, पोरगी न्हाऊन बसलीया, पाहुणं जमल्यात. हे काय तिच्या आजीला घालू?” बिचारीचा आवाज रडवेला झाला होता.

लेकीची हळद एकदाच लागते. आणि ती माझ्यामुळं कुणाच्या तरी उसन्या ब्लाऊजवर लागली, तर गावात माझ्याकडं पुन्हा कापड कोण देईल?

“तात्या, पूजाचा ब्लाऊज कुणाला दिला?”

“पाटलांना.”

“कुठल्या पाटलांना?”

“पाटील म्हंजी पाटील. सही घेतलीया.” त्यांनी कागद पुढं केला. खाली सही होती, ‘सौ. पाटील’.

मग मात्र माझा तोल गेला. “ओढ्याकडच्या, पिंपळाखालच्या का शाळंमागच्या? अवं, तोंड तरी बघितलं असंल की!”

तात्या खाली बघून म्हणाले, “बघितलं. पर वळखू येत न्हाईत गं मला. आख्खी उमर भाईर गेली. तुमचं ओढं, तुमचं पिंपळ तुमाला ठावं. चिठ्ठी असली म्हंजी मला निदान नाव तरी घेता येतं.”

पण थांबायला वेळ नव्हता. पूजाच्या आईला म्हटलं, “व्हा फुडं, आणतेच.” आणि तात्यांना म्हटलं, “गाडी काढा.”

रस्त्यात शेळ्यांशिवाय कुणी नाही, तरी तात्या प्रत्येक वळणाला हात दाखवून वळणार. मी मागून ओरडतेय, “आवं, पळवा!” पिंपळाखाली घराला कुलूप, हळदीला गेलेले. शाळेमागची स्वतःचाच ब्लाऊज घालून आरशापुढं उभी. मळ्याकडून स्पीकरचा आवाज सुरू झाला. राहिलं ओढ्याकडचं घर.

तिथली थोरली सून शोभा ओसरीवर बसलेली. मांडीवर पूजाचा ब्लाऊज, हातात ब्लेड.

“बरं झालं आलीस. केवढा तंग शिवलायस गं! कडंची शिवण उसवतच हुते.”

“ब्लेड ठेव खाली!” मी अशी किंचाळले की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. नशीब, दोनच टाके सुटले होते. तिथंच मागितलेल्या सुईदोऱ्यानं घालायला बसले.

तात्या दारात अवघडून उभे. खाटेवरच्या म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून त्यांच्याकडं बघितलं, खूप वेळ बघितलं. शोभाची आजेसासू ती, नव्वदीची तरी असेल.

“आडावरच्या धोंडीचा थोरला न्हवं का रं तू?”

तात्या दचकलेच. आडावरचे! आमच्या घराचं ते जुनं नाव गावात आता कुणाच्या तोंडी नाही. आड बुजला त्याला जमाना झाला.

“व्हय, आक्का.”

“बापाचंच नाक हाय. ये, बस. कवा आलास रं सुट्टीवर?”

शोभा हसली. “आवं आजी, तात्या रिटायर झालं की कवाच!” पण म्हातारीला ऐकू कमी. तिनं तात्यांचा हात धरून त्यांना खाटेवर बसवलं, आणि पाठीवरून हात फिरवत राहिली.

“किती दिस हाय रं सुट्टी?”

माझा टाका घालून झाला होता. दोरा दातानं तोडला आणि तात्यांना हाक मारायला तोंड उघडलं. तर तात्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं त्यांना भानच नव्हतं.

“लय दिस हाय, आक्का,” ते म्हणाले. “आता परत बोलवायची तार न्हाई यायची.”

मी हाक मारली नाही. गाडी मला चालवता येत नाही. ब्लाऊज पदराखाली धरला, चपला हातात घेतल्या आणि बांधाबांधानं पळत सुटले. पूजा पाटावर बसायच्या आत पोचले.